पगाराच्या कागदावरील हक्क आणि सवलत

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताला गृहस्थांचा विनय म्हणतात. राजगृहाजवळ सहा दिशांना नमस्कार करीत उभ्या असलेल्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी त्या दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, अशा क्रमाने येता येता खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे सेवक व कामगार, असे ते सांगतात. खालची दिशा म्हटल्यामुळे काहींना त्यात कमीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. माणूस उभा राहतो तो त्याच दिशेच्या आधारावर. त्या दिशेप्रति मालकाची पाच कर्तव्ये तेथे मोजून दिली आहेत. कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, तो आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करावी, घरात काही विशेष गोडधोड झाले तर त्यातला वाटा त्याला द्यावा आणि योग्य वेळी त्याला रजा द्यावी. कामगाराचीही पाच कर्तव्ये लगेच पुढे सांगितली आहेत, हे विसरता कामा नये.

या पाच कर्तव्यांकडे आजच्या नोकरदाराच्या दृष्टीने पाहिले, तर चार गोष्टी आपल्या कायद्यांत उतरलेल्या दिसतात. कामाचे तास, वेतन, आजारपण आणि रजा या चारही बाबी मालकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. उरलेली एक, म्हणजे विशेष पदार्थातला वाटा, ही मात्र आजही बऱ्याच अंशी मर्जीचीच आहे. बंधनकारक लाभ आणि ऐच्छिक लाभ यांतील भेद समजून घेण्यासाठी मला यापेक्षा सोपे उदाहरण सापडलेले नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुलेमुली आज कारखान्यांत, रुग्णालयांत, बँकांत, संगणकाच्या कंपन्यांत आणि मालाच्या गोदामांत काम करीत आहेत. त्यांतील अनेकांच्या घरात पगारपत्रक हा कागद प्रथमच येत आहे. तो वाचायला शिकवणारे घरात कोणी नसते. म्हणूनच हा विषय स्मरणिकेत मांडावासा वाटला.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कायद्याने मिळणाऱ्या लाभांना आपल्याकडे सर्रास ‘कंपनी देते’ असे म्हटले जाते. ‘आमची कंपनी पीएफ देते’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. बोलणाऱ्याच्या सुरात कृतज्ञता असते. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या बलुत्याच्या नावाखाली हक्काचा मोबदलासुद्धा दान म्हणून स्वीकारला, त्या समाजातील सुशिक्षित तरुणाने कायदेशीर देण्याला कृपा समजावे, हे मला खटकते. हे देणे कोणाच्या औदार्यातून आलेले नाही. त्यामागे मोठा लढा आहे आणि त्या लढ्यात बाबासाहेबांचा वाटा किती मोठा आहे, हे आपणच पुष्कळदा विसरतो.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा, परंतु तिच्या श्रमातून ज्याला फायदा होतो त्या मालकालाही आपली जबाबदारी टाळता येणार नाही, अशी त्यांच्या म्हणण्याची दिशा होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद, त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते. कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती आणि कामगारांच्या आरोग्यविम्याची आखणी ही याच कारकिर्दीशी निगडित आहेत. या विम्यासंबंधी प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला व १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. आपण १४ एप्रिलला मिरवणुकीत ज्यांच्या प्रतिमेपुढे नतमस्तक होतो, त्यांचे हे काम आपल्या पगारपत्रकावर दर महिन्याला छापून येते. ते वाचण्याचे श्रम मात्र आपण घेत नाही.

आता प्रत्यक्ष त्या कागदाकडे वळू. वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कामगाराच्या पगारातून कापली जाते व तितकीच मालकाला आपल्या पदरची भरावी लागते. हे बंधन १५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेपर्यंत आहे. म्हणजे मूळ वेतन १५,००० असेल तर १,८०० कामगाराचे व १,८०० मालकाचे. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतनाच्या योजनेत जातात व ५५० निधीत जमा होतात. ज्याचे मूळ वेतन ३०,००० आहे त्याच्यासाठीही मालकाने १,८०० वरच थांबायचे ठरवले तर कायदा त्याला अडवीत नाही. पूर्ण वेतनावर १२ टक्के भरणारा मालक मर्यादेपलीकडचा भाग स्वेच्छेने देत असतो. हक्क कोठे संपतो आणि सवलत कोठे सुरू होते, हे या एकाच ओळीत दिसून येते. नोकरी स्वीकारताना हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी उद्धट म्हणणार नाही. म्हटले तरी बिघडत नाही.

या निधीसोबत एक विमाही येतो, त्याची माहिती फारच थोड्यांना असते. निधीचा सदस्य नोकरीत असताना मरण पावला तर त्याच्या वारसांना कमाल सात लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यासाठी कामगाराला एक पैसाही द्यावा लागत नाही, मालक भरतो. परंतु नामनिर्देशन केलेले नसेल तर विधवा पत्नीला वा वृद्ध आईला वारसदाखल्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू शकतात. अविवाहित असताना आईचे नाव घातलेले असते, लग्न झाल्यावर ते बदलायचे राहून जाते आणि मग दुःखाच्या काळात सासू-सुनेमध्ये कागदाचा वाद उभा राहतो.

दुसरी बाब राज्य कामगार विम्याची. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू आहे; दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. वीस हजार पगाराच्या माणसाचे महिन्याला १५० रुपये कापले जातात आणि मालक ६५० भरतो. या दीडशे रुपयांबद्दल तरुणांची तक्रार असते की, विम्याच्या दवाखान्यात रांगा असतात, औषधे मिळत नाहीत, मग हे पैसे कशाला? रांगांची तक्रार खोटी नाही. पण या योजनेचे मोल दवाखान्याच्या खिडकीवरून ठरवणे चूक आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम, क्षयरोग, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ, कामावर अपघात झाला तर वेतनाच्या ९० टक्के आणि अपघाती मृत्यू झाल्यास अवलंबितांना निवृत्तिवेतन, इतके देणारा खासगी विमा दीडशे रुपयांत कोठेही मिळत नाही. पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा हाही याच योजनेचा भाग आहे. योजनेबाहेरील स्त्रियांना ती रजा प्रसूतिलाभाच्या कायद्याने मिळते आणि तिथे ती थेट मालकाने द्यायची असते.

पगार २१,००० च्या वर गेला की, अर्धवर्षाचा चालू कालखंड संपताच हे संरक्षण थांबते. पगारवाढीचे पेढे वाटले जातात आणि त्याच महिन्यांत घरातील आईवडील आजारपणाच्या दृष्टीने उघड्यावर येतात. बावीस-पंचवीस हजार पगाराचा हा टप्पा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. येथेच ऐच्छिक लाभांचे महत्त्व खरे समजते. कंपनी सामूहिक वैद्यकीय विमा देते का, दिला तर किती रकमेचा, आणि त्यात आईवडील धरले आहेत की केवळ पती-पत्नी व मुले, हे तीन प्रश्न नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी विचारलेच पाहिजेत. ज्यांच्या आईवडिलांना सरकारी निवृत्तिवेतन आहे, त्यांना या प्रश्नाची निकड भासणार नाही. आपल्या बहुतेक मुलांचे आईवडील मात्र शेतमजुरी, बांधकाम, सफाई अशी कामे करून थकलेले आहेत. त्यांच्यासाठी जेवणाची कुपने, व्यायामशाळेचे सभासदत्व, दिवाळीची भेटपेटी या साऱ्यांहून आईवडिलांचा विमा शतपटीने मोलाचा आहे. ऐच्छिक लाभांची यादी वाचताना शेजाऱ्याला काय मिळते हे न पाहता आपल्या घराला काय लागते ते पाहावे.

ग्रॅच्युइटी हा असाच गैरसमजाने वेढलेला लाभ. सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, असा तिचा हिशोब असतो. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० असेल आणि सेवा दहा वर्षे झाली असेल तर दीड लाख रुपये. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट राहत नाही. खासगी शाळांतील शिक्षकांना हा हक्क सहज मिळाला नाही, हे शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत नोंदवणे उचित ठरेल. शिक्षक हा त्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. त्यानंतर संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना तो हक्क दिला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि अनेक जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यांच्यावर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत व त्यांतील काही मलाही रास्त वाटतात. परंतु दोन तरतुदी आपल्या मुलांच्या उपयोगाच्या आहेत. ठराविक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यास आता एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळू शकते. आणि भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाला तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम लहान दाखवून निधी व ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी युक्ती अवघड होते. नेमणूकपत्र तर प्रत्येकाला मिळालेच पाहिजे. तोंडी बोलीवर काम धरण्याचे दिवस कागदोपत्री तरी संपले आहेत.

‘सीटीसी’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. वार्षिक ३,६०,००० रुपये म्हणजे महिना ३०,००० असे घरी सांगितले जाते. मूळ वेतन १५,००० धरले तर त्या तिसांतून मालकाच्या वाट्याचे निधीचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२२ आधीच वजा झालेले असतात. मग कामगाराचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. हातात उरतात साडेपंचवीस हजारांच्या आतबाहेर. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र मालकाने कायद्याने भरायची रक्कम तुमच्या पगाराच्या आकड्यात दाखवून आकडा फुगवणे, आणि दोन वर्षांत सोडून जाणाऱ्या मुलाला जी ग्रॅच्युइटी कधी मिळणारच नाही तीही त्यात धरणे, याला मी प्रामाणिक व्यवहार म्हणणार नाही. गावाकडे कर्ज काढून बहिणीचे लग्न ठरवताना कुटुंब त्या तीस हजारांवर विसंबलेले असते.

रजेबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या ठिकाणी वर्षाला आठ नैमित्तिक रजा, वर्षात २४० दिवस काम केल्यास दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आणि आठ सणांच्या सुट्या आहेत. त्या आठांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले आहेत. उरलेले चार दिवस वर्ष सुरू होण्यापूर्वी मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायचे असतात. १४ एप्रिल किंवा बुद्धपौर्णिमा या चारांत यावी, असे डिसेंबरमध्येच लेखी मागणारे आपल्यात किती आहेत? एप्रिलच्या तेरा तारखेला साहेबांकडे तोंड वेंगाडून रजा मागणारे मात्र पुष्कळ आहेत.

आतापर्यंतचे विवेचन ज्यांना नेमणूकपत्र मिळते त्यांच्यासाठी झाले. पण आपल्या समाजातील फार मोठा वर्ग कंत्राटी आहे. नगरपालिकेचा कचरा उचलणारे, रुग्णालयातील सफाई कामगार, सुरक्षारक्षक, गोदामातील हमाल यांची माणसे तीच राहतात आणि कंत्राटदार बदलतो. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यात विटाळ मानला जाई; अधिक मजुरीचे खाते अशा रीतीने बंद राहिले. आज कोणी विटाळाचे नाव घेत नाही, तरी कायम नोकरी कोणाची आणि कंत्राट कोणाचे हे पाहिले की जुनी रेषा पुष्कळ ठिकाणी ओळखू येते. या कामगारांनी ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, कंत्राटदाराने निधीचा भरणा केला नाही तर ती जबाबदारी काम करवून घेणाऱ्या मूळ संस्थेवर येते. पगारातून बारा टक्के कापले आणि खात्यात मात्र जमा नाहीत, हे मोबाइलवर स्वतःच्या खात्याची नोंद दर महिन्याला पाहिल्याशिवाय कळत नाही. कंत्राटदार बदलला तरी खात्याचा सार्वत्रिक क्रमांक तोच राहिला पाहिजे. दर वेळी नवा क्रमांक काढून, जुने पैसे काढून खर्च करणाऱ्या तरुणाची सेवा तुकड्यातुकड्यांत विभागली जाते आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षे कधीच भरत नाहीत.

येथे आपल्या घरचाही विषय काढला पाहिजे, मग तो कोणाला रुचो वा न रुचो. बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या नावाने चालणाऱ्या शाळा, वसतिगृहे, पतपेढ्या, रुग्णालये महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आता स्वतः उद्योजक आहेत, त्यांच्याकडे पंधरा-वीस माणसे काम करतात. या संस्थांतील स्वयंपाकघरातल्या बाई, रात्रीचा पहारेकरी, वसतिगृहाच्या अधीक्षिका यांचा निधी भरला जातो का? ‘आपलीच माणसे आहेत, सेवाभावाने करतात’ हे उत्तर मला मान्य नाही. सेवाभाव ज्याचा त्याने ठरवायचा असतो, दुसऱ्याच्या सेवाभावावर संस्थेने आपली बचत करायची नसते. संख्या वीसपेक्षा कमी असल्यामुळे कायदा लागू नसेल, तर मालक व कामगार यांच्या संमतीने स्वेच्छेने निधीच्या योजनेत सामील होण्याची वाट खुली आहे. अनुदान वेळेवर येत नाही, देणग्या अपुऱ्या पडतात, ही संस्थाचालकांची अडचण खरी आहे आणि तिची मला जाणीव आहे. परंतु नवे प्रवेशद्वार बांधायचे की स्वयंपाकीण बाईंच्या म्हातारपणाची तरतूद करायची, असा प्रश्न आला तर कोणते काम आधी, याविषयी सिगालोवाद सुत्त संदिग्ध नाही.

माजी विद्यार्थी संघाकडे एक मागणी करतो. निधीचे दावे अडकण्याचे एक मोठे कारण म्हणजे नाव आणि जन्मतारीख यांचा मेळ नसणे. आपल्यापैकी कित्येकांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली. आडनाव दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे. मुलीचे नाव लग्नानंतर तिसरे. वीस वर्षांनी पैसे काढायच्या वेळी हे तीन कागद एकमेकांशी भांडतात. दहावी-बारावीचे दाखले देण्याच्या दिवशी शाळेच्या कार्यालयात एक टेबल मांडावे, संघातील दोन जाणकारांनी तेथे बसावे आणि मुलाच्या हाती दाखला पडण्यापूर्वी त्यावरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहावी. चूक असेल तर ती शाळेच्या नोंदवहीत दुरुस्त करून घेण्यासाठी त्याच दिवशी अर्ज लिहून घ्यावा. त्याच टेबलावर, मुलांच्या रांगेआधी, संस्थेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची नामनिर्देशने भरून घेता येतील. त्यासाठी येत्या जूनपर्यंत थांबण्याचे कारण नाही.